हळदीतलं पार्सल

साईट, जैसलमेरच्या पुढं
८ जानेवारी

ताई, जयभीम.

तू फोन का उचलत न्हाईस ते आईने सांगितलं. तू बोललीस म्हणे, फोनवर ओम्या नुसता शिव्या देतो, त्याला कागदावर लिहू दे, हाताने लिहिताना राग खाली येतो. हे तुझ्या त्या डोक्याच्या डॉक्टरणीने शिकवलं काय? बघ, लिहितोय. नववी नापासाचं अक्षर हाय, लावून घे. राग जिथं होता तिथंच हाय.

इकडं आम्ही पवनचक्क्या उभ्या करतो. खांबाच्या पोटात शिडी चढायची आणि मशीनने बोल्ट कसायचे. मी प्रत्येक बोल्टला पंढरीशेठची मान समजतो. आमचा सुपरवायझर बिहारी हाय, तो बोलतो, "ओमकार का बोल्ट कभी ढीला नहीं निकलता." त्याला काय माहीत.

ताई, दोन वर्षांमागं तू त्या दिवशी हळदीत नव्हतीस, तू परीक्षेला गेलेलीस. मी होतो, बाबांच्या मागं झांज घेऊन. पंढरीशेठच्या पोराची, भाविकची हळद. सगळं गाव बाबांच्या बेंजोवर नाचलं, पंढरीशेठ सगळ्यात जास्त नाचला. मग भाविक स्वतः बोलला, "सोमाकाका, बसा ना पंगतीला." बाबा बसले. पान वाढून झालं होतं. आणि पंढरीशेठ येऊन काय बोलला? "ऊठ, सोम्या. तुमचा पार्सल तिकरं हाय." आपल्या वस्तीचं टेबल तिकडं, गेटजवळ, थर्माकोलच्या डब्यांचं. जुन्या काळात वाडग्यात टाकायचे, आता पॅक करून देतात, एवढीच सुधारणा. बाबा उठले. सगळं गाव बघत होतं. भाविक मान खाली घालून मोबाईल बघत होता, म्हणून मी त्याच्या कानाखाली झांज हाणली. हाणली ते बरंच केलं. त्यापायी मामाने मला हितं आणून टाकलं आणि तिकडं बाबांनी बेंजोला कापड बांधलं.

आपल्या बेंजो पार्टीतल्या प्रितेशचा मेसेज आला, एप्रिलात पंढरीच्या पोरीची, रियाची हळद हाय. मी येणार. हितला मोठा पाना घेऊन येणार. बाबांना ज्या जागी उठवलं त्याच जागी त्याला झोपवणार. तुला आधी सांगून ठेवतो.

ओम्या

भिवंडी
१९ जानेवारी

ओम्या,

पत्र दोनदा वाचलं. अक्षर वाईट नाही, मजकूर वाईट आहे.

धामणकर नाक्याच्या दवाखान्यात मी काय करते ते तू कधी विचारलं नाहीस. ज्यांना फिट येते त्यांच्या डोक्याला मी वायरी चिकटवते. आतमध्ये जी बारीक वीज खेळत असते ती पडद्यावर रेघांनी दिसते. गेल्या महिन्यात कोण आलं असेल? पंढरीशेठची आई, आक्का. बरोबर भाविकची बायको उन्नती. मी आक्कांच्या केसांत भांग पाडून लेप लावत होते, तर म्हातारी म्हणते, "पोरी, तुझा हात लय थंड हाय गं, बरा वाटतं." ज्या घराला आपण पंगतीत चालत नाही त्या घराच्या डोक्यावर अर्धा तास माझा हात होता.

आता पान्याचं. आमच्या डॉक्टर मेघाली मॅडमना मी नाव न घेता विचारलं. त्या म्हणाल्या, माणसाला भीती दाखवली की त्याच्या मेंदूतला विचार करणारा भाग मागे पडतो आणि तो आपली माणसं कुठे आहेत एवढंच शोधतो. तू पंढरीशेठला मारलंस की आज ज्यांना पार्सल खटकतं तेसुद्धा धावत त्याच्या बाजूला जातील. पार्सलचं टेबल पुढची वीस वर्षं हलणार नाही. वर तू आत जाशील आणि वस्तीवर दगड येतील. तू एका माणसाला झोपवशील. मला टेबल उचलायचं आहे.

ताई

साईट
३० जानेवारी

ताई,

आक्काच्या डोक्याला वायरी लावतेस आणि नुसत्या रेघा बघतेस? एक शॉक द्यायचा. कुणाला कळलं असतं?

बरं ते सोड. तुझ्या मॅडमचं बोलणं मी इकडं बाकीच्यांना सांगितलं. एक ओडिशाचा पोरगा हाय, तो बोलला, बरोबर हाय, आमच्या गावात पण असंच झालं, मारल्यावर सगळे एक झाले. म्हणून आता एक विचारतो, सरळ उत्तर दे. हात न लावता माणसाला सगळ्यात जास्त कुठं लागतं? तुझ्या त्या पडद्यावर दिसतं काय? शास्त्रात असेल तसं सांग. शिकायची इच्छा झालीय असं समज.

बाबा कसे हायत ते लिहीत न्हाईस. लिही.

ओम्या

भिवंडी
११ फेब्रुवारी

ओम्या,

तू शास्त्र विचारलंस म्हणून आईला पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, "शाळेत असताना विचारलं असतंस तर बाईंनी दहावी तरी करून दिली असती."

आमच्या मशीनवर ते दिसत नाही, त्याला मोठं मशीन लागतं. पण मॅडमनी एक प्रयोग सांगितला. एका माणसाला मशीनमध्ये झोपवून चेंडूचा खेळ खेळायला देतात. पडद्यावर दोघं अजून असतात. थोड्या वेळाने ते दोघं आपसातच चेंडू टाकत राहतात, याच्याकडे टाकतच नाहीत. बस, एवढंच. आणि याच्या मेंदूत जवळपास त्याच जागा जाग्या होतात ज्या मार लागल्यावर होतात. मॅडम म्हणाल्या, यावर शास्त्रज्ञांचे वाद आहेत, हे सगळ्याचं उत्तर नाही. पण मला ऐकताना बाबा दिसले. त्यांना कुणी बोट लावलं नव्हतं, तरी घरी आले तेव्हा छातीवर हात धरून आले होते.

बाबा ठीक आहेत असं मी फोनवर म्हणायचे. ठीक नाहीत. राहनाळच्या गोडाऊनमधली ड्युटी करतात, येतात, भिंतीकडे तोंड करून जेवतात. आई ताट इकडे वळवते, ते तिकडे वळतात. कुणाकडे जेवायला जात नाहीत, आपल्या माणसांकडेसुद्धा नाही. नरेंद्रकाकांकडे परित्राणपाठाला गेले आणि जेवणाआधी उठून आले.

मला दुसरं काही नको. बाबा चार माणसांत बसून जेवले पाहिजेत. आणि ते तिथेच, जिथून उठवलं तिथे.

ताई

साईट
२० फेब्रुवारी

ताई,

चेंडूचा खेळ वाचला. मग खांबात चढून वाऱ्यावर बसलो आणि परत वाचला.

ठीक हाय. पाना आणणार न्हाय. सुट्टी पण मागणार न्हाय, एप्रिलात हितंच राहीन. शब्द देतो. आईला सांग, खूश होईल. पंढरीच्या अंगाला माझ्यामुळे बोट लागणार न्हाय.

प्रितेशला एक निरोप दिलाय. बाबांच्या नंतर बेंजो पार्टी तोच चालवतो, रियाच्या हळदीची सुपारी पण त्यालाच हाय. काय निरोप ते विचारू नको. तुझ्या शास्त्रातलाच हाय.

ओम्या

साईट
१४ मार्च

ताई,

तुझं पत्र न्हाय. का न्हाय ते आता कळलं.

तू भाविकच्या गाडीत काय करत होतीस? प्रितेशने नाक्यावर बघितलं. पुढं भाविक, मागं तू आणि उन्नती, हसत. हसत, ताई! तू बोललीस ना मेंदू आपली माणसं शोधतो, मग तुझ्या मेंदूला हीच सापडली? ज्याने मान खाली घालून मोबाईल बघितला त्याच्या गाडीच्या एसीत बसलीस. बाबा घरात भिंतीकडे तोंड करून जेवतात आणि तू त्यांच्या दुश्मनाच्या सीटवर.

काय कबूल केलंस त्यांना? वस्तीला सांभाळून घेईन? रियाच्या हळदीला पार्सल जरा चांगल्या डब्यातून द्या?

सगळं लिही. न्हायतर मी दिलेला शब्द पाळणार न्हाय.

ओमकार

भिवंडी
२३ मार्च

ओमकारराव,

गाडीत बसले. एसी थंड होता. आता ऐका.

आक्का दर पंधरवड्याला येतात, उन्नती सोबत असते. एकदा बाहेर बसलेलो असताना तीच म्हणाली, "लग्नाच्या आधी मला या घराचं पार्सलचं माहीत नव्हतं. मला लाज वाटते. पण गावात सगळ्यांना तेच हवंय, मी एकटी काय बोलणार?" पुढच्याच आठवड्यात गावातली दुसरी एक बाई मुलाला घेऊन आली, तीही हेच म्हणाली, आणि तीही म्हणाली की मी एकटीच आहे. मी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, मेंदू स्वतःचं मत ठरवण्याआधी शेजारच्याचा चेहरा बघतो, आणि शेजारचाही याचा चेहरा बघत असतो. सगळे गप्प, म्हणून प्रत्येकाला वाटतं, बाकीच्यांना हे कबूल आहे.

मग उन्नतीने मला त्यांच्या बचत गटात बोलावलं, फिट येते तेव्हा काय करावं ते सांगायला. भाविकने नेऊन सोडलं, तेव्हा प्रितेशला दिसलो. आणि हसत होतो ते यासाठी, की भाविक म्हणाला, "ओमकारला सांगू नकोस, माझा डावा कान अजून वाजतो."

फिटचं बोलून झाल्यावर मी बायकांना सांगितलं, सगळ्यांनी डोळे मिटा. कुणी चोरून बघायचं नाही. "हळदीला वस्तीचं पार्सल लावतात, त्याची जिला लाज वाटते तिने हात वर करा." बांगड्या वाजल्या. मी सगळीकडे नजर फिरवली आणि म्हटलं, "हात तसेच ठेवा. आता डोळे उघडा."

ओम्या, तुला तो क्षण कसा सांगू. सगळ्या एकमेकींचे हात बघत राहिल्या. मग सरपंचांची बायको जावेला म्हणाली, "अगं, तू पण?" आणि जाऊ म्हणाली, "तुमच्याच भीतीनं मी आतापर्यंत गप व्हते!" हात न उचललेल्या मोजक्याच होत्या, आणि त्याच आता इकडेतिकडे बघत होत्या.

ठरलंय असं. रियाच्या हळदीला यातली प्रत्येक बाई पंगतीत बसताना शेजारची एक जागा मोकळी ठेवणार आणि तिथे वस्तीतल्या माणसाला हाक मारून बसवणार. बाबांना हाक उन्नती मारणार. ती घरी आमंत्रण घेऊन आली होती. आईने चहात साखर दुप्पट घातली आणि आत येऊन म्हणाली, "शेठच्या सुनेला जरा गोड बोलायची सवय लागूदे." बाबा तिच्याशी बोलले नाहीत, पण उठून गेलेही नाहीत.

तुला कळवलं नाही कारण तू प्रितेशला सांगितलं असतंस आणि प्रितेशने गावाला. आता सांगितलंय, तर गप्प बस.

ताई

साईट
२ एप्रिल

ताई,

बायकांचं वाचलं. मला वाटलं न्हवतं त्या गावात एवढे हात असतील. भाविकचा कान वाजतो हे वाचून बरं वाटलं, खोटं बोलणार न्हाय.

पण तुझ्यात एक कमी हाय. तुझ्या खेळात पंढरीला काहीच होत न्हाय. बायका हाक मारतील, बाबा बसतील, आणि तो हसत बोलेल, बसा बसा, आमचं घर सगळ्यांचंच हाय. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो देईल. त्याने जे केलं ते त्याला कधी लागणारच न्हाय. मग बाबांनी दोन वर्षं छातीवर हात कशाला धरला?

तुझं तू कर. मी गप्प बसतो. प्रितेशला बायकांचं काय पण सांगितलेलं न्हाय. पण माझा निरोप मी मागं घेतलेला न्हाय.

ओम्या

भिवंडी
२२ एप्रिल

ओम्या,

काल हळद झाली. तू प्रितेशला काय निरोप दिला होतास ते मला गावासोबतच कळलं.

मांडव भरलेला होता. बेंजो जोरात. भाच्यांनी पंढरीशेठला खांद्यावर घेतलेलं, अंगभर हळद, डोळे मिटून नाचत होते. आणि एकदम सगळं बंद. बेंजो, ढोल, झांज, सगळं एका वेळी. शेठचे हात वर तसेच राहिले. भाच्यांनी त्यांना खाली उतरवलं.

"काय झाला रं? लाईट गेली का?"

लाईट होती. प्रितेश ढोलाची काठी मांडीवर ठेवून बसला होता. म्हणाला, "नाय शेठ. आमचं पार्सल आलं काय ते बघतोय."

मी तुला तिथल्या तिथे दहा शिव्या दिल्या. मला वाटलं, संपलं. ही भीती, मॅडम म्हणाल्या तीच. आता सगळे त्याच्या बाजूला जाणार, बायका जागच्या हलणार नाहीत. भाचे प्रितेशच्या अंगावर निघाले होते. शेठ हसले आणि म्हणाले, "बघा रं, यांची मिजास!" आणि आपल्या माणसांकडे बघितलं, कोणीतरी हसावं म्हणून.

कोणी हसलं नाही.

त्यांनी भावाकडे बघितलं, भावाने बायकोकडे. तिने पदर खोचला आणि सरळ शेठकडे बघत राहिली. सरपंचांनी घसा साफ केला, बस. भाचेसुद्धा थांबले, कारण मागून कोणी येत नव्हतं. बचत गटातल्या त्या बायकांना माहीत होतं की बाकीच्याही आपल्यासारख्याच आहेत. हे माहीत नसतं तर काल रात्रीपर्यंत वस्तीवर दगड पडले असते, हे लिहून ठेव. पण तुझी शांतता नसती तर त्या बायकांनी उठायला अजून किती वेळ लावला असता तेही मला माहीत नाही. एवढं कबूल करते, जास्त नाही.

उन्नती पंगतीच्या पहिल्या चटईवर जाऊन बसली. एकटी. शेजारी हात आपटून म्हणाली, "सोमाकाका, या. हितं."

बाबा गेटजवळ होते, पार्सलच्या टेबलापाशी. आई त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी. ते चालायला लागले तेव्हा मला त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू आला. बसले. मग सरपंचांची बायको बसली आणि तिने नरेंद्रकाकांना हाक मारली. मग तिची जाऊ. मग बांगड्यांचा आवाज आणि नावं, सगळीकडून नावं, वस्तीतल्या माणसांची नावं त्या गावाला एवढी पाठ आहेत हे मला ठाऊक नव्हतं. आक्का काठी टेकत येऊन बाबांच्या समोर बसल्या.

त्यांच्याकडे पहिला भात यजमान वाढतो. शेठच्या हातात कोणीतरी भाताचं भांडं दिलं. ते पहिल्याच पानासमोर, बाबांच्या पानासमोर, आले आणि थांबले. डाव उचलेना. सगळं गाव बघत होतं, त्या दिवसासारखंच.

बाबांनी वर बघितलं आणि म्हणाले, "वाढ, पंढरी."

"शेठ" म्हणाले नाहीत. "वाढा" म्हणाले नाहीत.

आक्का म्हणाल्या, "वाढ रं, थंड होतंय."

त्यांनी वाढलं.

ताई

साईट
१ मे

ताई,

पत्र खांबाच्या आत वाचलं, कुणी बघू नये म्हणून. मग खाली आलो तर सुपरवायझर बोलला, "आँख में रेत गई क्या?" हो बोललो.

पण तू अर्धंच लिहिलंस. बाबांच्या चपलांचा आवाज लिहिलास, बांगड्या लिहिल्यास, आक्का लिहिलीस. पंढरीचा चेहरा न्हाय लिहिलास. "वाढ, पंढरी" ऐकल्यावर त्याचा चेहरा कसा झाला? लाल झाला काय? डोळ्यात पाणी आलं? हात कापला? ओठ? मी दोन वर्षं बोल्ट कसले ते त्या चेहऱ्यासाठी. मी तिथं न्हवतो, तू होतीस. चेहरा लिही.

बाकी काय लिहू नको. नुसता चेहरा.

ओम्या

भिवंडी
९ मे

ओम्या,

चेहरा मी पाहिला नाही. खरंच नाही. मी बाबांकडे बघत होते. त्यांनी वरण मागून घेतलं आणि पुन्हा भात मागितला, आणि उन्नतीला म्हणाले, "मीठ कमी आहे." घरी दोन वर्षांत त्यांनी मीठ कमी की जास्त ते सांगितलं नव्हतं. मी ते ऐकत होते.

प्रितेशला विचारलंस तर तो रंगवून सांगेल, पण तोसुद्धा तेव्हा रडत होता, त्याला काय दिसलं असणार.

सगळं गोड झालं असं समजू नकोस. दुसऱ्या दिवशी लग्नात पार्सलचं टेबल पुन्हा होतं, शेठनेच लावलेलं. संध्याकाळपर्यंत डबे तसेच, न्यायला वस्तीतून कोणी गेलं नाही आणि वाढायला गावातलं कोणी उभं राहिलं नाही. उन्नतीशी शेठ बोलत नाहीत, तिचा गट मोडायला बघतायत. बेंजो पार्टीला गावात पुन्हा सुपारी मिळेल की नाही माहीत नाही. मॅडम म्हणाल्या, एका दिवसाने मेंदू बदलत नाही, रोज रोज तेच झालं तर त्याला सवय होते. बाबांनी बेंजोचं कापड सोडलेलं नाही. ताट मात्र आता आमच्याकडे तोंड करून असतं.

तुझं समाधान झालं का?

ताई

साईट
१७ मे

ताई,

न्हाय झालं.

माझी उभारणी पुढच्या महिन्यात संपते. घरी येतोय. भिऊ नको, पाना हितंच जमा करून येणार, सही घेतात.

चेहरा कुणीच बघितला न्हाय, म्हणजे तो अजून माझ्यासाठी ठेवलेला हाय. गावात एकच रस्ता, सकाळी गोडाऊनकडे जाताना तो समोरून येणारच. मी हात उचलणार न्हाय, शिवी देणार न्हाय. बाबांसारखं नुसतं बोलणार, "काय पंढरी." शेठ न्हाय. थांबणार पण न्हाय, बोलून पुढं. दुसऱ्या दिवशी परत. पावसात पण. तुझी मॅडम बोलते ना रोज रोज तेच झालं की सवय होते, तर होऊ दे. प्रितेशला सांगतो, नरेंद्रकाकाला सांगतो, वस्तीतल्या शाळेच्या पोरांना पण सांगतो. जो भेटेल तो, "काय पंढरी." पहिल्यांदा भडकेल. मग मान फिरवेल. मग रस्ता बदलायला बघेल, पण रस्ता एकच हाय.

आणि तू बोलतेस तसं खरं असेल, तर एक दिवस त्याला सवय होईल. त्याचं तोंड आपोआप उघडेल आणि तोच आधी बोलेल, "काय ओमकार."

त्या दिवशी मी त्याच्याकडे बघेन, चेहरा नीट बघून घेईन, आणि उत्तर न देता पुढं जाईन.

ओम्या